घाडींचं एकच गाणं

नंदकुमार घाडी माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी माझ्या पेशंटला गायला सांगितलं.

मुलुंडला दातांचा दवाखाना टाकून मला जेमतेम वर्ष झालं होतं. पेशंट म्हणजे आमच्याच गल्लीतल्या सत्तरीच्या निमकर आजी. त्यांच्या कवळ्या घाडींच्या भांडुपच्या लॅबमधून बनून आल्या होत्या. कवळी बनवणारा माणूस सहसा दवाखान्यात येत नाही. मी माप पाठवते, तो कवळी पाठवतो, मध्ये डबा घेऊन कोणीतरी ये-जा करतं. घाडी मात्र स्वतः आले. पन्नाशीचे, सावळे, बुटके, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी कवळ्या बसवल्या, आरसा दिला, आजी म्हणाल्या छान आहेत. कोपऱ्यात उभे असलेले घाडी म्हणाले, "आजी, काहीतरी म्हणा ना. भजन, आरती, काहीही."

आजींनी लाजत दोन ओळी म्हटल्या. घाडींनी मान तिरकी करून त्या ऐकल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की वरच्या पुढच्या दातांमधून 'स' निसटतोय, केसभर घासायला हवं. बोलताना कोणाला कळणार नाही. पण आजी देवापुढे बसून गायला लागल्या की त्यांना कळेल, आणि मग त्या गाणंच सोडून देतील.

मी विचारलं, तुम्ही गाता का. तर म्हणाले, गिटार वाजवतो, आणि वाजवता वाजवता थोडं ओरडतो. दर रविवारी दुपारी अंधेरीला एका हॉटेलात असतो, या कधी जेवायला.

मी गेले ते खरं तर जेवायलाच. अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांना लागून असलेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर ते हॉटेल होतं. तिथली सुरमई चांगली असते असं ऐकलं होतं. कोपऱ्यात चार फळ्या टाकून एक छोटा चौथरा केला होता. त्यावर तिघं. ड्रमवर घाटकोपरच्या एका कॉलेजात गणित शिकवणारे शहा. बेस गिटारवर ज्यो, मनोरीचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा ख्रिस्ती, उंच, पोट सुटलेला, सतत हसायच्या बेतात असलेला. आणि मधोमध खुर्चीवर आमचे घाडी, तोच इस्त्रीचा शर्ट, तीच दोन पेनं, मांडीवर एक जुनी लाल गिटार.

ज्यो आणि घाडी तरुणपणी अंधेरीच्याच एका लॅबमध्ये शेजारी शेजारी बसून कवळ्या घासायचे. ज्योचा मामा बोटीवर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक कॅसेट आणून दिली. तिच्यावरचा कागद निघून गेला होता, त्यामुळे गाणारा कोण हे दोघांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्यातलं इंग्रजी निम्मंच समजायचं. "तो माणूस कशाबद्दल तरी तक्रार करतोय आणि तक्रार करताना त्याला बरं वाटतंय, एवढं समजलं," असं घाडी सांगायचे. त्या संगीताला ब्लूज म्हणतात हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. तोवर ते वाजवायला लागलेही होते.

मला ब्लूज म्हणजे काय ते त्यांनी लॅबमध्ये एकदा प्लास्टर कालवता कालवता समजावलं. घाडी गिरणी कामगाराचे चिरंजीव, लालबागच्या चाळीत वाढलेले. ते म्हणाले, बारा खोल्यांची चाळ समजा. पहिल्या चार खोल्या आपल्या स्वतःच्या. मग दोन शेजाऱ्याच्या. परत दोन आपल्या. मग एक खोली लांबच्या पाहुण्याची, तिथे थोडं अवघडल्यासारखं होतं. तिथून शेजाऱ्याकडे डोकावायचं आणि शेवटच्या दोन खोल्या पुन्हा आपल्या घरी. झाली एक फेरी. परत पहिल्यापासून. मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, "एवढंच. आता कुठल्या खोलीत किती वेळ बसायचं आणि कोणाशी काय बोलायचं, ते त्या दिवशी ठरतं."

त्यांचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. पंचविशीत चाळीतल्या नळावर केलेलं. बाकी दुसऱ्यांची गाणी ते वाजवायचे, पण लोक थांबायचे ते या गाण्यासाठी.

नळाचं पाणी गेलं, बाय, नळाचं पाणी गेलं,
नळाचं पाणी गेलं, बाय, नळाचं पाणी गेलं,
हंडा भरला अर्धा, अर्धं दुसऱ्या दारी गेलं.

पहिली ओळ दोनदा आणि मग तिसरी. प्रत्येक ओळ संपली की थोडी जागा मोकळी सुटायची आणि त्या जागेत ज्यो बेसवर चार सूर टाकायचा, एखादा जाडा माणूस जिना उतरतोय तसे. घाडींनी गाऱ्हाणं मांडायचं आणि ज्योने खालून "हं, मग?" म्हणायचं, असं ते चालायचं.

त्या पहिल्या रविवारी मी ऐकलं ते गाणं संथ होतं. शेजारच्या मोठ्या टेबलावर एका ऑफिसची माणसं जमली होती, हसणं-खिदळणं चालू होतं. घाडींनी आवाज वाढवला नाही. उलट प्रत्येक फेरीला कमी करत गेले. शेवटी इतकं बारीक वाजवायला लागले की त्या टेबलावरच्या एकाने, काही बिघडलंय का ते बघायला मान वळवली. मग दुसऱ्याने. टेबल गप्प झालं तेव्हा घाडी एकच सूर वाजवत होते. तार बोटाने वर ओढून तो सूर पुढच्या सुरापर्यंत न्यायचा आणि अगदी जवळ पोचला की तिथेच धरून ठेवायचा. आपल्याला वाटतं, आता पोचवेल. पण ते पोचवत नव्हते. मी हातातला घास तसाच धरून बसले होते. मग त्यांनी तिसरी ओळ गायली नाही, सहज बोलल्यासारखी म्हटली, आणि सगळं टेबल हसलं.

पुढच्या खेपेला मी माझ्या नवऱ्याला घेऊन गेले. वाटेत त्याला त्या ओढून धरलेल्या सुराबद्दल खूप सांगितलं. त्या दिवशी तो सूर आलाच नाही. कोणाचा तरी वाढदिवस होता, तीन-चार लहान मुलं चौथऱ्यापाशी नाचत होती, आणि तेच पाणी त्या दिवशी घोड्यासारखं दौडत गेलं. नवरा म्हणाला मस्त आहे. पण मी सांगितलेलं हे नव्हेच, अशी माझी तक्रार. मध्यंतरात मी घाडींना तसं म्हटलं, तर त्यांनी मुलांकडे बोट दाखवलं. "ती पोरं नाचत होती ना, डॉक्टर. त्यांना कुठे थांबवू?"

आणखी एक रविवार मला आठवतो. खिडकीजवळ एक बाई एकट्याच बसल्या होत्या. जेवण समोर आलं होतं, पण त्या जेवत नव्हत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. त्या दिवशी घाडींनी पहिल्या दोन ओळी गायल्या आणि तिसरी गायलीच नाही, फक्त गिटारवर वाजवली. दुसऱ्या फेरीलाही तेच. ज्योने चमकून पाहिलं, पण लगेच त्यानेही आपले चार सूर दोनवर आणले. नंतर मी कारण विचारलं. घाडी म्हणाले, अर्ध्या हंड्याला लोक हसतात, आणि आज कोणी हसलेलं त्या बाईंना लागलं असतं. त्या बाई शेवटी जेवल्या. जाताना चौथऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि गेल्या.

ही दृष्टी घाडींना कुठून आली होती, मला ठाऊक नाही. वाजवताना त्यांचे डोळे मिटलेले आहेत असंच वाटायचं. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना या सगळ्याचं फार कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, गाणं दर रविवारी वेगळं हवं, पण डब्यात भाजी बदलली की यांचं तोंड वाकडं होतं.

या एका गाण्यावरूनच पुढे ते सगळं घडलं.

एका रविवारी एक तरुण संगीतकार त्या हॉटेलात जेवायला आला होता. त्याला गाणं आवडलं. तो पाण्याच्या टाकीची एक जाहिरात करत होता. पाणी गेलं, पाणी गेलं, आणि मग टाकी येते, असं त्याच्या डोक्यात लगेच जमलं. त्याने घाडी आणि ज्यो दोघांना गोरेगावच्या एका स्टुडिओत बोलावलं. घाडींना त्यात फार रस नव्हता. ज्यो मात्र हरखला होता. तोवर त्याने लॅबचं काम सोडून मनोरीला घरालगत सुट्टीवर येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पण रविवार त्याने कधी चुकवला नव्हता. तीस वर्षं लोक जेवताना आपण वाजवतो, एकदा तरी लोकांनी टीव्ही बघताना दचकून म्हणावं, अरे हा ज्यो, असं त्याला वाटत होतं. मला तरी त्यात काही गैर दिसलं नाही.

स्टुडिओत काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण घटना तीच. कानाला हेडफोन, त्यात टकटक वाजणारा ताल, समोर काच. घाडींनी दुसऱ्यांदा वाजवलं ते संगीतकाराला पसंत पडलं. फक्त मध्ये एक तार खरखरली होती. तो म्हणाला, एवढा तुकडा पुन्हा वाजवा, आम्ही जोडून घेतो. घाडींनी वाजवला. तो जुळेना. आधीच्यात ते त्या जागी खाली गेले होते, आता वर गेले. पुन्हा वाजवला, तर तिसरंच काही आलं. मग सगळं गाणं नव्याने घेतलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी चांगलं आणि प्रत्येक वेळी दुसरं. संगीतकार सभ्य होता, त्याने आवाज चढवला नाही. संध्याकाळी चहा दिला, आभार मानले. जाहिरात शेवटी दुसऱ्याच गाण्यावर आली.

ज्यो स्टुडिओच्या फाटकातून पुढे निघाला. रिक्षा थांबवून आत बसल्यावर म्हणाला, "एकदा, नंदू. फक्त एकदा सरळ वाजवायचं होतं." आणि रिक्षा निघून गेली.

तो पुढच्या रविवारी आला नाही. त्यापुढच्याही नाही. शहांनी फोन केले, ज्यो त्यांच्याशी नीट बोलला, पण घाडींचा विषय निघाला की दुसरं काही काढायचा. घाडींनी स्वतः फोन केला नाही. मी एकदा छेडलं तेव्हा कवळीला मेण लावत खाली मान घालूनच म्हणाले, त्याचं बरोबर आहे. मग फोन करा ना, म्हटलं. ते म्हणाले, "फोन करून काय सांगू? पुढच्या वेळी नीट वाजवीन म्हणून? मला येत नाही तसं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'येत नाही' हे मी तेव्हाच ऐकलं.

अंधेरीला ते आणि शहा दोघंच वाजवत राहिले. पाण्याचं गाणं मात्र त्यांनी बंद केलं. कोणी मागितलं तर म्हणायचे, आज राहू दे.

गणपती आटोपले आणि आठवड्याने बातमी आली की ज्योला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. जीव वाचला. शहा हॉस्पिटलात जाऊन आले. घाडीही गेले होते, हे मला शहांनीच सांगितलं, पण खाली लिफ्टपर्यंत जाऊन परत फिरले.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सुलभावहिनींचा मला फोन आला. त्या कधी फोन करत नसत. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तरी यांना समजवा. दोन महिने झाले, लॅबमधून आले की तेच गाणं घेऊन बसतात. आणि बदलतच नाहीत. रोज अगदी तसंच. मला भीती वाटायला लागलीय."

मी भांडुपला गेले. घाडींनी मला ते दाखवलं. संगीतकाराने स्टुडिओतलं ते दुसरं वाजवणं त्यांना फोनवर पाठवलं होतं. ते लावून, बाजूला टकटक तालाचं यंत्र ठेवून, ते स्वतःचंच वाजवणं सूर न् सूर पाठ करत होते. तार खरखरली होती तेवढी जागा सोडून. ज्योच्या चार सुरांच्या जागाही त्यांनी गिटारवर भरून काढल्या होत्या, कारण आता साथीला ज्यो नव्हता. त्यांनी मला दोनदा वाजवून दाखवलं. दोन्ही वेळा तंतोतंत. मी विचारलं, हे कोणासाठी. ते म्हणाले, "त्याला एकदा ऐकवायचं आहे."

ज्योकडे जायचं निमित्त कवळीनेच दिलं. नाताळ झाल्यावर ज्योच्या बायकोचा, फ्लोरीचा मला फोन आला. झटक्यानंतर ज्योच्या तोंडाची एक बाजू उतरली होती, त्याची वरची कवळी आता बसत नव्हती, जेवणाचे हाल होत होते, आणि त्याला मुलुंडला आणणं कठीण. ती कवळी पूर्वी घाडींनीच बनवलेली. मी घाडींना विचारलं, मी माप घेऊन येऊ की तुम्हीच येताय. म्हणाले, येतो.

मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही सकाळी होडीत बसलो तेव्हा त्यांच्या एका हातात प्लास्टर आणि मेणाची पेटी होती, दुसऱ्या हातात गिटार. होडी दहा मिनिटांतच पलीकडे लागते. तेवढ्या वेळात त्यांनी दोनदा गिटारची पिशवी उघडून आत पाहिलं आणि बंद केली.

फ्लोरी दारातच होती. घाडींना पाहून ती क्षणभर थबकली. "आयलास? लय येल लावलास," उशिराबद्दल एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. ज्यो मागच्या पडवीत खुर्चीवर बसला होता. पोट आत गेलेलं, उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. त्याने माझ्याकडे पाहून तोंडाची एक बाजू हलवली, ते हसू होतं. मग घाडींकडे पाहिलं आणि नजर वळवून माडांकडे बघत राहिला.

मी माप घेतलं. घाडी मला हवं ते हातात देत होते. काम संपलं. फ्लोरी म्हणाली, त्याला सगलं समजतं, फकस्त बोलता येत नाय. घाडींनी हात धुतले, पुसले, गिटार काढली आणि ज्योच्या समोर स्टूल घेऊन बसले.

"ज्यो," ते म्हणाले, "त्यांना हवं होतं तसं वाजवतो. सरळ. ऐक."

आणि त्यांनी वाजवलं. भांडुपला ऐकलं होतं तसंच, कुठे एक सूर इकडचा तिकडे नाही. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. ज्यो माडांकडेच बघत होता. मी फ्लोरीकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. त्या पडवीत ते इतकं व्यवस्थित वाजणं ऐकवत नव्हतं. तिसरी फेरी सुरू झाली, पहिली ओळ संपली, घाडींनी ज्योची जागा स्वतःच्या सुरांनी भरली आणि ते पुढे निघाले, तेवढ्यात खुर्चीच्या हातावर दोन ठोके पडले. ज्योच्या डाव्या हाताचे. उशिरा पडले होते. त्यांची जागा निघून गेली होती.

घाडींचा हात थांबला.

त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी शेवटी जागा मोकळी ठेवली. काही आलं नाही. नेहमीचं असतं तर फेरी पुढच्या खोलीत जायला हवी होती. ते गेले नाहीत. तिथेच, त्याच एका सुरावर, दारात उभं राहून कोणाची वाट बघावी तसे हळूहळू झुलत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ठोके आले. एक, दोन, बराच वेळ काही नाही, मग तीन, चार. चौथा पडल्यावर घाडी पुढे निघाले.

ती फेरी बाराची नव्हती. तेराची झाली असेल, साडेतेराची झाली असेल. पुढची त्याहून लांब. ज्यो उशीर करायचा, घाडी थांबायचे. ज्योचा ठोका भलतीकडे पडायचा, घाडी आपला सूर उचलून त्याच्या ठोक्याखाली नेऊन ठेवायचे, जणू तो तिथेच पडायला हवा होता. पाठ केलेलं सगळं केव्हाच गळून गेलं होतं. गाणं इतकं संथ झालं की दोन सुरांमध्ये मला फ्लोरीच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. आणि ते सुंदर होतं. तक्रारीचं गाणं राहिलंच नव्हतं ते, दोन म्हातारे एकमेकांना रस्ता ओलांडून देत होते.

आतापर्यंत घाडी गायले नव्हते. आता त्यांनी गायलं, अगदी खालच्या आवाजात, आणि शेवटचा शब्द गाळला.

"नळाचं पाणी गेलं, बाय, नळाचं पाणी..."

ते थांबले. ज्योच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. तोंड वाकडं झालं.

"गेलं," ज्यो म्हणाला. अस्पष्ट, जड, पण सुरात.

फ्लोरीने दाराची चौकट धरली. घाडींनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. दुसरी ओळ घेतली, पुन्हा शेवट सोडला, आणि पुन्हा ज्योने तो शब्द म्हटला. तिसऱ्या ओळीला घाडींचा आवाज फुटला. त्यांना पुढे गाताच येईना, तेव्हा ज्यो हसायला लागला, बिनदातांचं, एका बाजूचं, मोठमोठ्याने.

मी डॉक्टर आहे, दातांची का होईना. अशा झटक्यात बोलणं जातं पण गाण्यातले शब्द कधी कधी शिल्लक राहतात, हे मी वाचलेलं होतं. त्याने माणूस बरा झाला असं होत नाही, हे मी फ्लोरीला तिथेच नीट सांगितलं, कारण तिची फसगत व्हायला नको होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, चार महिन्यांत पयला शब्द हाय, डॉक्टर, मना तेवरा पुरे.

निघताना ज्योला काहीतरी सांगायचं होतं. शब्द येईना. त्याने डावा हात पुढे करून गिटारवर दोनदा थोपटलं आणि मग घाडींच्या गालावर एक हलकी चापट मारली. घाडींनी ती खाऊन घेतली.

परतीच्या होडीत ते म्हणाले, "दोन महिने लावले मी ते पाठ करायला. साल्याने दोन मिनिटांत वाट लावली." इतका समाधानी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

नवी कवळी घाडींनी पंधरा दिवसांत बनवली आणि स्वतः नेऊन बसवली. त्यानंतर दर आठवड्याला ते मनोरीला जायला लागले. ज्योचं बोलणं थोडं थोडं परत आलं, सगळं नाही. अजून नावं अडकतात. उजवा हात आला नाही. पण त्याने बेस मांडीवर आडवा ठेवून नुसत्या डाव्या हाताची बोटं तारेवर आपटून सूर काढायची युक्ती शोधली. आता महिन्यातून एकदा फ्लोरी त्याला अंधेरीला घेऊन येते आणि तिघं पुन्हा चौथऱ्यावर असतात. पाण्याचं गाणं पुन्हा सुरू झालं. ज्यो कधी वेळेवर येतो, कधी नाही, आणि गाणं त्याप्रमाणे वाट बदलतं. गणिताचे शहा म्हणतात, या दोघांच्या मागे ड्रम वाजवायचा म्हणजे मोजणं विसरावं लागतं, आणि साठाव्या वर्षी ते शिकणं सोपं नाही.

तो संगीतकारही एकदा येऊन गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसून शेवटपर्यंत ऐकलं. उठून दोघांना भेटला, पण रेकॉर्डिंगचं काही बोलला नाही. ज्योनेही विषय काढला नाही. एकदा मी धीर करून ज्योला विचारलं, स्टुडिओचं अजून वाईट वाटतं का. त्याने बराच वेळ शब्द शोधला. "वाटतं," म्हणाला. मग घाडींकडे मान वळवून, "पन हा असाच."

गेल्या महिन्यात घाटकोपरला मला घाडी दिसले. मी रिक्षात होते, सिग्नल लागला होता, आणि पलीकडे बसस्टॉपवर ते उभे होते, खांद्याला गिटार, डोक्यावरचे केस आता पार पांढरे. मी हाक मारणार होते, पण त्यांची डाव्या हाताची बोटं गिटारच्या पट्ट्यावर चालत होती आणि ओठ हलत होते. शेजारच्या दोन शाळकरी मुली एकमेकींना कोपर मारून त्यांच्याकडे बघत होत्या. बस आली. मुलींसकट सगळी रांग चढली. कंडक्टरने दारातून वाकून त्यांना काहीतरी विचारलं. घाडींनी त्याच्याकडे न बघता, अतिशय नम्रपणे, एक पंजा वर केला. जरा थांबा म्हणून. कंडक्टरने क्षणभर वाट पाहिली आणि घंटी मारली. बस गेली. घाडींची बोटं आणखी थोडा वेळ चालली, मग थांबली. त्यांनी समाधानाने मान हलवली, वर पाहिलं, आणि रिकाम्या रस्त्यावर ती बस शोधू लागले.

माझा सिग्नल सुटला.